धंदा नावावर आहे, तो हातात कसा घ्यावा

बेळगावात गेली बावीस वर्षे मी लहान धंद्यांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे पाहते, आणि माझ्याकडे येणाऱ्या वह्यांपैकी निम्म्याहून अधिक वह्यांवर बाईचे नाव असते. नाव असले म्हणजे धंदा तिच्या हातात असतोच असे नाही, आणि ते ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. पोर्टलवर नोंदणी करताना मी विचारते, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येणार? वडगावच्या एका बाईंच्या नोंदणीच्या वेळी तो ओटीपी पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याच्या फोनवर गेला. पुतण्या मीटिंगमध्ये होता. आम्ही दोघी चहा घेत पाऊण तास बसलो, ओटीपीची मुदत तीन वेळा संपली, आणि शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे हो मॅडम, संध्याकाळी तो मोकळा झाला की बघू." त्यांच्या शेवया-सांडग्यांच्या धंद्यावर घरातील चार माणसे जगत होती आणि त्या धंद्याची किल्ली मात्र पुण्याला होती.

महिलांसाठीच्या शिबिरांत नेतृत्व या विषयाखाली भाषणकला, देहबोली आणि आत्मविश्वास यांवर तास घेतले जातात. ते शिकू नये असे मी म्हणणार नाही. परंतु निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ज्या बायकांचा धंदा माझ्या डोळ्यांसमोर वाढला किंवा खुंटला, त्यांच्या बाबतीत फरक चार गोष्टींनी पडला: दर कोण ठरवते, उधारी कोणाला द्यायची हे कोण ठरवते, माणूस कोण ठेवते आणि सही कोण करते. या चार गोष्टी क्रमाक्रमाने आपल्याकडे कशा आणाव्यात, हे पुढे लिहिले आहे. सहीपासून सुरुवात केलेली बरी, कारण ती सर्वांत सोपी असूनही सर्वांत जास्त लांबणीवर पडते.

आधी कागद

आधार, पॅन, बँक खाते आणि जीएसटी या चारही ठिकाणी एकच मोबाईल क्रमांक असावा, त्याचे सिम आपल्या स्वतःच्या नावावर असावे आणि तो फोन दिवसभर आपल्याजवळ असावा. जुना क्रमांक बदलून घेण्यात एखादी सकाळ खर्ची पडते, पण त्यानंतरची कित्येक वर्षे सुटसुटीत होतात. त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करावी. 1 जुलै 2020 पासून सुरू असलेली ही नोंदणी आधारवर होते आणि तिला सरकारी शुल्क नाही, त्यामुळे कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते त्याच्या टंकलेखनाचे आहेत असे समजावे. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल 10 कोटींपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' मानला जातो, म्हणजे आपल्याकडील बहुतेक सगळ्याजणी या वर्गात बसतात. या नोंदणीचे फायदे पुढे उधारीच्या आणि कर्जाच्या वेळी दिसतात. एक येथेच सांगते: केंद्र सरकारच्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यातील 3 टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत.

बँकेत धंद्याच्या नावाचे चालू खाते असावे आणि ते चालवण्याचा अधिकार फक्त आपल्याला असावा. नवऱ्याला नॉमिनी म्हणून नेमता येते, त्यासाठी सहीचा अधिकार द्यावा लागत नाही. गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे, हेही आजच पाहावे. खडेबाजारातील एका दुकानात बाई दिवसभर उभ्या राहून विक्री करत होत्या आणि सगळे पैसे मुलाच्या खात्यात जमा होत होते. तीन वर्षांनी कर्ज मागायला गेल्या तेव्हा त्यांच्या खात्यावर उलाढालच दिसेना. मुलाने पैसे खाल्ले नव्हते, तो सज्जन आहे, पण बँकेला त्याच्या सज्जनपणाशी कर्तव्य नव्हते.

घरात हा विषय काढायचा कसा, असे अनेकजणी दबक्या आवाजात विचारतात. हक्काच्या भाषेने सुरुवात केली की घरातली माणसे दुखावतात आणि विषय भलतीकडे जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याऐवजी बँकेचे निमित्त पुढे करावे: "कर्ज माझ्या नावावर हवे असेल तर खाते, फोन आणि भाडेकरार माझ्याच नावावर लागतो, असे सांगितले आहे." यात खोटे काही नाही, बँक खरोखरच ते सगळे पाहते. सासऱ्यांनी किंवा दिरांनी आजवर जे बाहेरचे काम केले त्याची जाणीव याच बोलण्यात ठेवली, तर निम्मी अढी तिथेच सुटते.

दर: स्वतःची मजुरी मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही

दराच्या बाबतीत आपल्या बायका सर्वाधिक चुकतात आणि मी स्वतःही चुकले आहे, म्हणून येथे थोडे थांबते. घरगुती मसाला करणाऱ्या एका बाईंची वही उदाहरणादाखल घेऊ. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत, बाजारभाव त्या त्या हंगामाप्रमाणे घालावेत. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, वर खोबरे, तीळ, धने आणि खडा मसाला, असा 10 किलोंच्या घाण्याचा कच्चा माल 3,600 रुपयांचा. कांडपाचे 300, पाकिटे आणि लेबले 200, भाजण्याचा गॅस 150. बेरीज 4,250, म्हणजे किलोला 425 रुपये. त्या 480 ने विकत होत्या आणि किलोमागे 55 रुपये सुटतात असे समाधानाने सांगत होत्या.

मी विचारले, मिरचीचे देठ कोण काढते? "जाऊबाई काढतात की. त्यांना 400 देते मी, पण ते घरखर्चातून." माल दुकानांपर्यंत कसा जातो? रिक्षाने, 150 रुपये, तेही घरखर्चातून. हे दोन आकडे मिळवल्यावर बेरीज 4,800 झाली, म्हणजे विक्रीची किंमत आणि खर्च तंतोतंत सारखे. मग मी शेवटचा प्रश्न विचारला: तुम्ही दोन दिवस चुलीपुढे उभ्या राहता, त्याचे काय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझे कसले पैसे?" दिवसाला 500 रुपये धरले तरी दोन दिवसांचे 1,000 होतात आणि खरा खर्च 5,800 वर, म्हणजे किलोला 580 वर जातो. प्रत्येक घाण्यामागे त्या स्वतःची दोन दिवसांची मजुरी गिऱ्हाइकांना वाटून टाकत होत्या.

आपली मजुरी खर्चात धरण्याला केवळ स्वाभिमानाचे कारण नाही. उद्या धंदा वाढला आणि चुलीपुढे दुसरी बाई उभी करावी लागली, तर तिला रोज द्यावाच लागेल. तो आकडा आजच्या दरात नसेल तर आपण कधीच माणूस ठेवू शकणार नाही आणि माणूस ठेवता आला नाही तर धंदा दोन हातांएवढाच राहील. म्हणून प्रत्येक मालाचा असा एक कागद करावा: कच्चा माल, प्रक्रिया, पाकीट, मदतनिसाचा रोज, आपला रोज, वाहतूक, नासाडी. त्यावर नफा धरावा आणि दुकानदारामार्फत विकायचे असेल तर त्याचा हिस्सा वेगळा मिळवावा. हा कागद वर्षातून दोनदा, मिरचीचा नवा हंगाम सुरू होताना आणि दिवाळीपूर्वी, नव्याने मांडावा.

दर वाढवताना गिऱ्हाइकाची माफी मागू नये. "काय करणार, सगळेच महागले" असा रडका सूर लावला की समोरचा घासाघीस करणारच. महिनाभर आधी छापील नवा दर द्यावा, जुन्या गिऱ्हाइकाला एक घाणा जुन्या दराने द्यावा आणि नंतर विषय बंद करावा. वर उल्लेखलेल्या बाईंनी दर 480 वरून 640 वर नेला तेव्हा काही गिऱ्हाइके तुटली, पण ज्या महिन्यात त्या पूर्वी चार घाणे करत त्या महिन्यात तीन घाणे करून हातात अधिक रक्कम राहू लागली. माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर पहिली चार वर्षे मी नात्यातल्या सर्वांची विवरणपत्रे फुकट भरली, आणि चुका झाल्यावर सर्वांत मोठ्याने बोलले तेही नात्यातलेच.

उधारी आणि कर्ज

किरकोळ धंद्यात उधारी बंद करणे शक्य नसते, पण तिला मर्यादा घालता येते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे जास्तीत जास्त रक्कम लिहून ठेवावी, मागची बाकी आल्याशिवाय पुढचा माल न देण्याचा नियम करावा आणि वसुलीला स्वतः जावे. नवरा किंवा मुलगा वसुलीला गेला की दुकानदार पुढच्या वेळी दराची बोलणीही त्यांच्याशीच करू पाहतो.

आपला माल किंवा काम एखाद्या कारखान्याला जात असेल, तर कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि करार काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आयकर कायद्यातील तरतुदीमुळे असे थकवलेले देणे खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि मार्च जवळ आला की हे वाक्य त्याच्या लेखापालाच्या कानावर घालण्याचा उपयोग होतो. ही कलमे उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहेत, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदारीला ती लागू पडत नाहीत. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा. तक्रार करण्याची वेळ बहुधा येत नाही, बिलावरचा क्रमांकच निम्मे काम करतो.

कर्जाच्या योजना पुष्कळ आहेत आणि त्यांची माहिती कुठेही मिळते, म्हणून थोडक्यात सांगते. मुद्रा योजनेत शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत आणि तरुण 10 लाखांपर्यंत असे टप्पे आहेत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतचा पुढचा टप्पा 2024 पासून खुला झाला आहे. कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळाची उद्योगिनी योजना 3 लाखांपर्यंतच्या कर्जावर अनुदान देते. त्याचे प्रमाण आणि उत्पन्नाची मर्यादा प्रवर्गानुसार वेगळी असते आणि चौकशी तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी लागते. लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला (ही मर्यादा वर्षानुवर्षे 10 लाख होती) बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. तो शाखेत नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगावा.

आपल्या भागात घरोघरी पिग्मी भरली जाते. किनारी कर्नाटकात सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केलेली ही रोजच्या ठेवीची पद्धत आपल्या सोसायट्यांनी अगदी आपलीशी केली आहे आणि ती चांगलीच आहे. मात्र पिग्मी ही बचत आहे. गल्ल्यातली रोकड थेट पिग्मी एजंटाच्या हाती गेली तर ती बँक खात्यावर कधीच दिसत नाही. विक्री आधी खात्यात यावी आणि पिग्मी तिथून भरावी. आणखी एक सावधगिरी: नवऱ्याच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन म्हणून सही करताना, तो हप्ता थकला तर आपल्या सिबिल गुणांवर त्याचा डाग पडणार आहे, हे लक्षात ठेवूनच सही करावी.

भाषा आणि सीमा

सीमाप्रश्न आपल्या जागी आहे आणि त्यावर प्रत्येकीचे आपले मत असेल. मात्र महापालिकेच्या परवाना खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या उद्योजिकेला कन्नड वाचता आले नाही, तर तिच्या धंद्याचा अर्ज भरणारा दुसराच कोणीतरी असतो आणि मग पुन्हा आपण पुतण्याच्या ओटीपीपाशी येतो. बोलण्यापुरते कन्नड बेळगावच्या बहुतेक मराठी बायकांना येते, अडते ते अक्षरांपाशी. ती भीती महिन्याभरात जाते, कारण अर्जात तेच ते शब्द येतात: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, मोत्त म्हणजे रक्कम. अर्जी, दिनांक आणि सही हे शब्द तर दोन्हीकडे सारखेच आहेत. रोज एक बस-पाटी आणि एक अर्ज वाचावा, मुलांच्या शाळेचे कन्नडचे पुस्तक घरात असेलच. दुकानाची पाटी करून घेताना पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा हा राज्याचा 2024 मधील दुरुस्ती केलेला कायदा लक्षात घ्यावा, नाहीतर पाटीचा खर्च दोनदा होतो.

आपली खरी अडचण आणि आपली खरी संधी दोन्ही सीमेवरच आहेत. शिनोळी येथून अर्ध्या तासावर आहे, पण ती महाराष्ट्रात आहे. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर आणि पलीकडे गोवा ही आपल्या मालाची नैसर्गिक बाजारपेठ असताना, जीएसटीच्या दृष्टीने ती परराज्यातील विक्री ठरते. राज्याच्या आत केवळ मालाचा व्यवहार करणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि सगळ्या बायका हा आकडा तोंडपाठ सांगतात. परंतु करपात्र माल परराज्यातील दुकानदाराला पाठवायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी लागते, हे बहुतेकींना माहीत नसते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना यातून सवलत आहे, आणि ज्या मालावर मुळात करच नाही त्याचाही प्रश्न येत नाही. चंदगडचे गिऱ्हाईक आपल्या दुकानात येऊन पिशवी भरून घेऊन गेले, तर ती सहसा इथलीच विक्री धरली जाते. माल आपण तिकडे पाठवला की नियम बदलतो.

दुसरी खाच कंपोझिशन योजनेची. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला लहान उत्पादक आणि व्यापाऱ्यांना 1 टक्का कर भरून मोकळे होता येते, म्हणून अनेक सल्लागार डोळे झाकून तीच सुचवतात. पण या योजनेत राहून परराज्यात माल विकता येत नाही. गडहिंग्लजच्या दुकानदाराची मोठी मागणी आली आणि त्या दिवशी हे कळले, तर मागणी हातची जाते. तेव्हा नोंदणी करण्यापूर्वीच स्वतःला विचारावे: दोन वर्षांनी माझा माल कुठे विकला जात असेल? उत्तर सीमेच्या पलीकडचे असेल तर नियमित नोंदणी घ्यावी. मग बिल करताना गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहावेत. 29 असेल तर कर्नाटक, 27 असेल तर महाराष्ट्र आणि 30 असेल तर गोवा. मसाल्यावर 5 टक्के कर धरला तर कर्नाटकातील बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांनी केंद्र आणि राज्य असा विभागून लिहिला जातो, आणि सीमेपलीकडच्या बिलावर पाचही टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी, म्हणून. परराज्यात जाणारा माल 50 हजारांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) काढल्याशिवाय टेम्पो हलवू नये.

हा सगळा भाग सल्लागारावर सोपवावा असे वाटणे स्वाभाविक आहे आणि मी स्वतः सल्लागार असल्याने मला त्यात फायदाच आहे. तरीही सांगते, भरायचे काम सोपवावे, समजण्याचे सोपवू नये.

माणसे

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत पतीच्या पश्चात मशीन शॉप चालवणाऱ्या एका बाईंचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. सुरुवातीची दोन वर्षे त्या केबिनमध्ये बसून पगार आणि बिले पाहत आणि कारखान्यातील जुने मिस्त्री "माल बरोबर आहे, मॅडम" म्हणत. माल परत येत होता, कारण कळत नव्हते. शेवटी त्यांनी एका निवृत्त फिटरकाकांकडे दर शनिवारी बसून ड्रॉइंग वाचायला आणि बोअर गेज (नगाच्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, व्यास मोजण्याचे साधन) धरायला शिकून घेतले. सहा महिन्यांनी एका सकाळी त्या मशीनपाशी गेल्या, तयार नगांच्या ढिगातून पाच नग उचलले, एकेकाचा बोअर मोजला, दोन नग बाजूला ठेवले आणि काही न बोलता केबिनमध्ये परतल्या. मिस्त्रींनी ते दोन नग स्वतः पुन्हा मोजले. दुपारी ते आपण होऊन सांगायला आले की टूल घासले गेले होते. त्या दिवसापासून दर पन्नास नगांमागे एक मोजून वहीत लिहायचा नियम झाला, आणि तो नियम मिस्त्रींनीच सुचवला.

हे इथेच शक्य होते असे नाही, पण या गावाला हाताने काम करणाऱ्याचा मान कळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलचे दुकान 1888 मध्ये याच बेळगावात निघाले होते, आणि आजही उद्यमबागेत मालकापेक्षा कारागिराचा शब्द वजनदार असतो. त्यामुळे धंद्याचे जे मूळ काम आहे, मग ते कास्टिंग असो, शिवण असो की कुंदा आटवणे असो, त्यातील खोट ओळखण्याइतके तरी ज्ञान मालकिणीला हवे. स्वतः करता आले पाहिजे असे नाही. खोट ओळखता आली पाहिजे.

वयाने मोठ्या बायकांकडून काम करून घेणे हा आपल्याकडचा नाजूक प्रश्न आहे. मावशी, काकू, अक्का म्हणून हाक मारावी, त्याने अधिकार कमी होत नाही. मात्र सूचना नात्याच्या सुरात न देता कामाच्या सुरात द्यावी, आणि ती चारचौघींत न देता कामाच्या जागी, त्याच दिवशी द्यावी. "काकू, आजच्या पाकिटांचे सील सुटले आहे, ही वीस पुन्हा करू या" हे पुरेसे असते. पगाराची तारीख ठरलेली असावी आणि ती कधीही चुकू नये. बाकीचे सारे दोष माणसे पोटात घालतात, हा घालत नाहीत. निपाणीत तंबाखूच्या वखारींतील आणि विडी वळणाऱ्या बायकांनी ज्या संघटना उभारल्या, त्यांच्या मुळाशी मजुरी आणि वागणूक हेच दोन विषय होते.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. मालक बाई आहे म्हणून सूट मिळत नाही. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी असावी, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. नोकरी करणाऱ्या वाचक भगिनींनीही आपल्या कार्यालयात ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे विचारून ठेवावे. नोकरीतील वाढीबद्दल येथे एवढेच सांगते की हिशेब, स्वागत आणि पत्रव्यवहार या टेबलांवरून उत्पादन, खरेदी किंवा विक्री यांपैकी एका टेबलावर जाण्याची लेखी मागणी करावी, कारण बढतीचा रस्ता तिथून जातो.

सोपवण्याच्या बाबतीत मी सर्वांत मोठी किंमत मोजली. 2019 च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड माझ्या डोक्यात होते आणि कार्यालयातील मुलीला मी कधी एकही विवरणपत्र स्वतंत्रपणे भरू दिले नव्हते. विवरणपत्रे भरण्याची वीस तारीख उलटली. अकरा गिऱ्हाइकांची विवरणपत्रे नऊ दिवस उशिरा गेली आणि दिवसाला 50 रुपयांप्रमाणे 4,950 रुपयांचे विलंब शुल्क मी माझ्या खिशातून भरले. रक्कम मोठी नव्हती, पण ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मला येत होतं सगळं, तुम्ही विचारलंच नाही." त्यानंतर मी कामे तीन ढिगांत वाटली. काही तिने करून टाकायची आणि मला सांगायचीही नाहीत, काही करून मग सांगायची आणि मोजकी मला विचारून करायची. पैशाची मर्यादाही लिहून दिली: 500 रुपयांपर्यंतचा खर्च तिच्या निर्णयाने. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या ढिगातील एखादे काम पहिल्यात टाकते. आपला धंदा या वळणावर आला आहे की नाही हे पाहायचे असेल, तर चार दिवस माहेरी जावे आणि फोन दिवसातून एकदाच उघडावा. जे जे अडेल ते परत आल्यावर लिहून सोपवायचे.

बैठकीत बसणे

धंदा एका मर्यादेपर्यंत घरातून आणि गल्लीतून वाढतो. पुढची मागणी, चांगला पुरवठादार, मशिनरीचा खरा भाव आणि कोणत्या कारखान्याचे पैसे बुडतात याची माहिती, ही सगळी बैठकांमध्ये मिळते आणि तिथे आपण नसतो. बचत गट आणि भिशी यांतून भांडवल मिळते, जिव्हाळाही मिळतो, पण तिथे सगळ्याजणी सारख्याच टप्प्यावर असल्याने पुढचा रस्ता दाखवणारे कोणी नसते. म्हणून बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीजसारख्या संस्थेचे किंवा आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासदत्व धंद्याच्या खर्चातून घ्यावे. कर्नाटकातील उद्योजिकांची अवेक ही संघटना 1983 पासून बंगळूरमध्ये काम करते. प्रशिक्षणासाठी धारवाडचे सेडॉक हे उद्योजकता विकास केंद्र जवळ आहे आणि 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसने तिथे जायला कर्नाटकातील बायकांना तिकीटही पडत नाही.

पहिल्या दोन बैठकांत कोण कोणाला मान देते हे फक्त पाहावे. तिसऱ्या बैठकीला एक नेमका प्रश्न लिहून न्यावा आणि तो उभे राहून विचारावा, म्हणजे "कोल्हापूरला आठवड्यातून दोनदा माल नेणारा भरवशाचा टेम्पोवाला कोणी सुचवेल का" असा, ज्याचे उत्तर देण्यात समोरच्याला आनंद वाटेल. नंतर दोन दिवसांत उत्तर देणाऱ्याला फोन करून काय झाले ते कळवावे. महिला दिनाच्या सत्काराचे निमंत्रण आले तर जावे, नारळ घ्यावा, आणि त्याच वेळी खरेदी समितीत किंवा कार्यकारिणीत जागा कधी रिकामी होणार आहे तेही विचारून यावे.

दारातच उपस्थितीची वही असते. तिथे बायकांची नावे पुष्कळदा "सौ." लिहून नवऱ्याच्या फर्मच्या रकान्यात टाकलेली मी पाहिली आहेत. आपण आपले पूर्ण नाव, आपल्या धंद्याचे नाव आणि आपला स्वतःचा मोबाईल क्रमांक लिहावा. पुढच्या बैठकीचा निरोप त्याच क्रमांकावर येतो.